तुमच्याकडची ती मुलगी

वॉशिंग मशीनच्या कंपनीत ती तक्रार विभाग सांभाळायची. ग्राहकांच्या नोंदींच्या सिस्टिमला कालच एआय एजंट जोडला होता. फोनही तोच घेणार, तक्रारही तोच नोंदवणार. सकाळी पहिलीच नोंद वाचून ती बुचकळ्यात पडली: “मुलगी फोन उचलत नाही.” “मशीनचं मॉडेल कोणतं टाकू?” एजंटने विचारलं होतं. जोडणीतच घोळ झाला म्हणून कपाळाला हात लावणार, एवढ्यात नंबर दिसला. आईचा! तिने फोन लावला. “आई, इथे कशाला केलास?” “तू उचलत नव्हतीस. तुमच्याकडची ती मुलगी किती गोड बोलते गं! गुडघ्यांपासून शेजारणीपर्यंत सगळं ऐकून घेतलं. लग्न झालंय का तिचं? दादासाठी विचारतेय.” हसावं की रडावं कळेना. ती मुलगी नाही, एआय आहे, हे सांगायला जीभ रेटेना. “आई, मलाही सांग ना सगळं.” “तुला वेळ आहे?” आईने गोंधळून विचारलं.