सव्वा मूठ गहू

"हितेंद्र," असं म्हणत सुनंदाबाईंनी पहिली सव्वा मूठ परातीत टाकली. परात धरायला धाकटी सून दिपमाला समोर बसली होती.

श्रावणात घरी बसणाऱ्या कानबाई देवीच्या रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू त्यांच्याकडे असेच निघत. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. माणूस घरात असो की परमुलखात, त्याचं नाव घ्यायचंच. सुटतं ते फक्त गेलेल्याचं. सासरे वारले त्या वर्षी त्यांची मूठ निघाली नाही, तेव्हा सासूबाई पोत्याला टेकून ढसाढसा रडल्या होत्या. दिपमालाला ते अजून आठवत होतं.

तिचा नवरा भूषण उन्हाळ्यापासून सुरतेला होता. शेतात विहिरीच्या पाण्यावरून थोरल्या भावाशी, हितेंद्रशी, वाजलं, आणि तो तिथूनच तडक निघून गेला. त्यानेच घरी येऊन तसं सांगितलं. रुसलेला खानदेशी माणूस सुरतेला नाही जाणार तर कुठे जाणार? फोन केला तर तो उचलत नसे. मेसेज मात्र येत. 'कारखानामा आवाज शे. बोलता येत नही.' तेवढ्या आधारावर बापडी दिवस ढकलत होती.

गावात कुजबुज वाढली तेव्हा पोलीस पाटील नवलभाऊ ओट्यावर येऊन बसले होते. म्हणाले, "अक्का, गुन्हा लपाडनाराबी गुन्हेगार ऱ्हास. काही व्हयेल व्हई ते सांगी दे."

"मना पोऱ्या सुरतले शे," सुनंदाबाई पापणीही न लववता म्हणाल्या.

नवलभाऊंवर तेव्हा दिपमालाच चिडली होती. जित्याजागत्या माणसाबद्दल असं अभद्र बोलावं?

"लोकेश." हितेंद्रचा मुलगा. नाशिकला शिकायला होता, पण त्याची मूठ निघाली. "हर्षल." हा दिपमालाचा, अंगणात खेळत होता.

मग सुनंदाबाईंनी हात झटकले आणि पोत्याचं तोंड बांधायला घेतलं.

दिपमालाच्या मनात पाल चुकचुकली. विसरल्या असतील. वय झालंय.

"आई, यासनी मूठ ऱ्हायनी."

सुनंदाबाई दोरी आवळत राहिल्या. एका गाठीवर दुसरी, दुसरीवर तिसरी.

"आई, यासनी मूठ!" दिपमाला ओरडलीच. परातीतले गहू हलले. मधल्या खोलीत हितेंद्र जेवून आडवा झाला होता, त्याचं घोरणं मघाशीच थांबलं होतं.

तेवढ्यात दिपमालाच्या मांडीवरचा फोन वाजला. भूषणचा मेसेज होता.

'मनी मूठ लेवाले सांग आईले. मी दिवाळीले येस.'

तिच्या जिवात जीव आला. हसू आणि रडू एकदमच फुटलं. नवरा जिता होता! तिने फोन सासूबाईंपुढे धरला, आणि मग तो मेसेज पुन्हा वाचला. मूठ राहिल्याचं सुरतेत कसं कळलं?

सुनंदाबाईंनी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. मधल्या खोलीच्या पडद्याकडे तोंड करून त्या हळूच म्हणाल्या,

"आते बस कर, हितेंद्र. कानबाई देखी ऱ्हायनी."