हिरवा ठिपका

साहेबांनी मॉनिटर तिच्याकडे वळवला. "हा बघा नकाशा. लाल ठिपका म्हणजे शाळेला शिक्षक नाही, हिरवा म्हणजे आहे. शहरात हिरव्यावर हिरवे चढलेत आणि डोंगराकडे सगळी बोंब. पण तुमच्या वडिलांची शाळा हिरवी आहे."

"ती लाल करा," ती म्हणाली.

साहेब हसले. "लोक इथे लालाचं हिरवं करून मागतात, ताई."

तिने अंगातल्या ढगळ जाकिटाच्या बाह्या पुन्हा दुमडल्या. त्या सारख्या सुटत होत्या. याआधी दोनदा ती येऊन गेली होती, त्या शाळेला शिक्षक द्या म्हणून. दोन्ही वेळा खिडकीवरच्या कारकुनाने नकाशा बघून सांगितलं, तिथे शिक्षक आहे. शाळेकडून वेगळं काही आलं तर बघू.

"शाळेकडून कोण कळवणार?" तिने तेव्हा विचारलं होतं.

"मुख्याध्यापक."

एकशिक्षकी शाळेत मुख्याध्यापक, शिक्षक आणि घंटा वाजवणारा एकच माणूस असतो. त्याने माहिती भरली नाही, तर मागच्या वर्षीचा आकडाच पुढे सरकतो.

म्हणून आज तिने दुसरी वाट धरली होती. "वडिलांचा बदलीचा अर्ज तुमच्याकडे पडून आहे. तेवढा मंजूर करा."

साहेबांनी शोधला. "आहे की. कारण, पत्नीचं आजारपण. बराच जुना दिसतोय हो. तेव्हा का नाही मिळाली?"

"त्यांच्या जागी जायला कोणी नव्हतं. मुलं उघड्यावर पडतील, असं तेव्हाचे साहेब म्हणाले."

"आणि आता नाही पडणार?"

"बदली झाली की ठिपका लाल होईल ना? मग दुसरं कोणी जाईल?"

"पहिल्याच फेरीत. शहरातला जास्तीचा शिक्षक उचलायचा, तिकडे टाकायचा. त्यासाठीच तर हा खटाटोप."

"नक्की?"

"किती वेळा विचाराल? तुम्हाला काळजी वडिलांची आहे की शाळेची?"

सकाळीच त्या शाळेजवळच्या वस्तीतल्या एका बाईचा फोन आला होता. मुलं अजून रोज दप्तरं घेऊन शाळेच्या पायरीवर बसतात. तिची थोरली लहानांकडून पाढे म्हणून घेते, पण आता तिचा बाप तिला वीटभट्टीवर न्यायचं म्हणतोय.

साहेबांचा आवाज जरा उतरला. "तब्येत बरी नाही का त्यांची?"

"त्यांच्याच्याने आता शिकवणं होणार नाही. वरच्या मजल्यावर, पगाराच्या विभागात, सगळं ठाऊक आहे."

"वरच्या मजल्याचं आम्हाला काय सांगता? आमच्याकडे शाळा सांगेल ते खरं." त्यांनी बटण दाबलं. "घ्या. तुमच्या घरामागचीच शाळा दिली. सोमवारी हजर व्हायला सांगा, नाहीतर नोटीस काढावी लागेल मला. जा, घरी आनंदाची बातमी द्या."

पडद्यावर डोंगराच्या कुशीतला ठिपका लाल झाला. तो नीट लाल झालाय याची खात्री होईपर्यंत ती उठली नाही.

घरी आईने दार उघडलं. "झाली?"

"झाली. मागच्या गल्लीतली शाळा दिली."

आईने तिच्या अंगातलं जाकीट काढून घेतलं आणि खिशाला लागलेली खडूची पूड न झटकता खुंटीला अडकवलं.

"माणूस जिवंत असताना दिली असती," आई म्हणाली, "तर दुपारचा जेवायला घरी आला असता."