सत्तेचाळिसावी खुंटी

“माझ्या भावाला तुम्ही मारलंत. तो बाहेरून दार बडवत होता आणि तुम्ही आतून अडसर घातलात.”

ढालवालीने हे किल्लेदाराला भर चौकात, सगळ्या लढवय्यांसमोर सुनावलं. तिच्या हातात तलवार होती. वर्षभर ती ढाली शिवून झाल्या की तलवार चालवायला शिकत होती.

किल्लेदार म्हणाला, “घरी जा, पोरी.”

“आधी उत्तर द्या.”

“देणार नाही.”

मोठ्या माणसांचं हे बरं असतं. माणसं आपली मरतात, आणि तोंडाला कुलूप घातलं की हे शहाणे ठरतात.

गेल्या वर्षी राखेची माणसं पहिल्यांदा दरीतून वर आली. जळून मेलेली, तरी चालणारी. भाला आरपार गेला तरी न थांबणारी. सत्तेचाळीस जण त्यांच्यावर तुटून पडायला बाहेर गेले. परतणाऱ्याने दरवाजामागच्या आपल्या खुंटीवर आपली ढाल आपल्याच हाताने टांगायची, हा गडाचा नियम. राख पाठीवर असताना तोंडं मोजायला सवड कुठली? खुंट्या मोजायच्या. सगळ्या भरल्या की अडसर. मग कोणी कितीही बडवलं तरी उघडायचं नाही, कारण राखेची माणसं ओळखीच्या आवाजात हाका मारतात.

त्या सकाळी धाकटा भाऊ तिच्या दुकानात आला होता. ढालीचा पट्टा तुटला होता.

“ताई, तुझ्या शिलाईने माझं नाक कापलं बघ.”

“शिलाई शाबूत आहे. कातडं तू कुरतडलंस, उंदरा. आजच्यापुरती कोठारातली जुनी ढाल घेऊन जा.”

“आणि ही?”

“तू यायच्या आत तुझ्या जागेवर असेल. माझं काम कधी उशिरा झालंय?”

तो हसत गेला. दुसऱ्या दिवशी दरवाजा उघडला तेव्हा बाहेर कोठारातली ढाल पडली होती. दाराच्या लाकडावर नखांचे ओरखडे होते, छातीच्या उंचीपासून खाली उंबऱ्यापर्यंत.

ते ओरखडे ती रोज बघत आली होती.

आता तिने पहिला वार केला. किल्लेदाराने तो अडवला. दुसरा अडवला. तिसऱ्याला तो मागे सरकला. उलटून त्याने एकदाही मारलं नाही.

“हात उचला! की दाराआड लपूनच लढता येतं?”

चौथ्या वाराला त्याची तलवार जराशी खाली आली, आणि तिचं पातं त्याच्या बरगडीखाली शिरलं. तो भिंतीला पाठ घासत खाली बसला.

“एक झाला,” ती म्हणाली. मग किल्लेदाराच्या मुलाकडे वळली. “आता तू. अडसर तुझ्या हातांनी घातलास.”

मुलाने तलवार उपसली. “बाबांनी सांगितलं म्हणून घातला गं...”

“तेही भेटतील तुला. वर.”

“थांब!” किल्लेदार ओरडला. त्याच्या ओठांवर रक्त आलं. “त्याला सोड. खुंट्या मी मोजल्या होत्या.”

“किती भरल्या होत्या?”

“सत्तेचाळीस.”

“खोटं! माझा भाऊ बाहेर होता!”

“होता. ते मला सकाळी कळलं. त्याच्या खुंटीवरची ढाल मी काढून लपवली. वर्षभर कोणाला बोललो नाही, याला सुद्धा नाही.” त्याने खोकत श्वास घेतला. “कोरा पट्टा होता, पोरी. तुझी शिलाई होती. आता उत्तर तू दे. ती ढाल तिथे कोणी टांगली?”