क्लचची हवा

क्लचच्या ऑईलमधली हवा काढायला दोन माणसं लागतात: एक गाडीखाली नट धरून, दुसरा आत पेडलवर. घानातल्या कुमासीत गॅरेज चालवणाऱ्या अमोआको मास्तरांचा दुसरा माणूस क्वार्टेंग. एकवीस वर्षं तो स्वतःच्या गुडघ्याला शिव्या घालत पेडल दाबायचा. त्याला पुरून चाळीस दिवस झाले. तेव्हापासून मास्तरांनी क्लचला हात लावला नव्हता, आणि गिऱ्हाइकं शेजारच्या शेडमध्ये जाऊ लागली होती.

उरली होती एकटी पोकुआ, तिच्या प्रवासी व्हॅनसकट.

"मास्तर, दुपारी मयताची माणसं न्यायचीत. पेडल मी दाबते. क्वार्टेंगकाकांपेक्षा पाय हलका आहे माझा."

"आणि तोंड जड. बस आत."

मास्तर गाडीखाली सरकले. वर दार लागलं.

"दाब!" नट सैल केल्यावर काळं ऑईल बुडबुड्यांसकट नळीतून आलं. नट आवळला. "सोड!"

पोरीचा पाय छान बसला होता. सोडताना जरा रेंगाळायचा, एवढंच. सहाव्या खेपेला एकही बुडबुडा आला नाही. मास्तरांना कितीतरी दिवसांनी हुशारी वाटली.

"शाबास! पुन्हा दाब, बघू!"

क्लचचा दांडा सपकन पुढे आला आणि घट्ट थांबला. काम फत्ते.

तेवढ्यात त्यांच्या नाकासमोर पोकुआच्या काळ्या चपला थांबल्या.

"मास्तर, मक्याच्या केंकेला केवढी रांग! तुम्हालाही आणलाय. खाऊन घ्या, मग बसते पेडलवर."

दांडा अजून पुढेच होता; वर पेडल दाबलेलंच होतं. आता फक्त 'सोड' म्हणायचं राहिलं होतं.

मास्तरांनी ते म्हटलं नाही.