फीत कोण कापणार?

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जन्मलेलं, दुधातली भेसळ ओळखणारं यंत्र आता कारखान्यात बनणार होतं. पण उद्घाटनाची फीत कोण कापणार, ते यंत्र बनवणारी पोरगी काही सांगेना. "ज्यांनी पहिल्यापासून पैसा पुरवला, तेच!" एवढंच म्हणे. तिचे सर बिचारे मोठ्या गाडीच्या वाटेकडे डोळे लावून फाटकात ताटकळले.

तेवढ्यात पठ्ठी रस्त्यावर धावली आणि दुकानातून साबण घेऊन निघालेल्या एका अनोळखी आजोबांना हाताला धरून घेऊन आली.

"अगं, मी कधी पैसे दिले तुला?"

"आजोबा, साबणावर कर भरता ना? त्यातूनच सरकारनं आमच्या संशोधनाला अनुदान दिलं."

आजोबांनी ऐटीत फीत कापली आणि साबण सरांच्या हातात ठेवला.

"धरा जरा. माझा कारखाना बघून येतो."