शिट्टी

वादनाचा दुसरा भाग संपत आला होता. शिपाई वाकून, पाय न वाजवता पहिल्या रांगेपाशी आला.

"मॅडम, शिट्टी वाजतेय."

"काय?"

"शिट्टी. बारीक. तुमच्याच रांगेतून."

ग्रंथपालबाईंना काही ऐकू आलं नव्हतं. पण चेलोवाल्याने कपाळाला आठ्या घालून इकडेच पाहिलं, मागचे दोघं-तिघं माना लांब करू लागले. बाईंनी शेजारी पाहिलं. शेजारी त्यांचे वडील होते. आठ वर्षं त्यांच्या कानामागे मशीन होतं, आणि ते नीट बसलं नाही की किटलीसारखं वाजतं हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीस वर्षं या वाचनालयात शांतता त्यांनी राखली होती. दोन कपाटांपलीकडची कुजबुजही त्या टिपायच्या, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना 'शूऽबाई' म्हणत. हल्ली कुणी बोललं तरी त्या काही म्हणत नसत. वयाबरोबर बाई निवळल्या, असं शिपाई सांगायचा.

वाचनकक्षातली टेबलं सरकवून हा मोफत कार्यक्रम त्यांनीच घडवून आणला होता, समितीच्या नाकदुऱ्या काढून. चौघा वादकांत दुसरं व्हायोलिन त्यांच्या मुलीकडे होतं. तिचा पहिलाच जाहीर कार्यक्रम, आणि व्हायोलिन आजोबांचं. "तिसरा भाग संथ आहे, आजोबा. तो तुमच्यासाठी," असं तिने चारदा बजावलं होतं. आजोबा सकाळपासूनच दाढी करून, बूट घालून बसले होते.

दुसरा भाग संपला. वादक सूर जुळवू लागले, तशा बाई वडिलांकडे झुकल्या.

"बाबा, मशीन काढा."

"माझं?"

"मग कुणाचं? वाजतंय ते. सगळे बघताहेत."

वडिलांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग त्यांनी हात उचलून लेकीच्या डोक्यावरच्या स्कार्फला लावला.

"हा काढ की गं. आत कसला आलाय गारठा?"

"आत्ता स्कार्फचं काय, बाबा!" बाईंनी त्यांचा हात झटकला. "द्या इकडे. लाज आणता नुसती."

वडिलांनी मान वळवली. समोर नात गज सावरत त्यांच्याकडेच बघत होती. तिच्याकडे बघून ते हसले, मशीन काढलं, त्यातला सेल काढला आणि दोन्ही लेकीच्या तळहातावर ठेवलं. बाईंनी ते पर्समध्ये टाकून चेन लावली.

तिसरा भाग सुरू झाला. नातीने डोळे मिटले. आजोबा तिच्या गजाकडे बघत होते. गज वर गेला की त्यांची हनुवटी जराशी वर जाई, खाली आला की खाली. एवढंच त्यांच्या वाट्याला उरलं होतं.

'लाज आणता.' आपण हे बापाला बोललो. ते मशीन परत द्यावं असं बाईंना एकदा वाटलं, पण लोक अजूनही माना लांब करून बघत होते. त्यांनी मान खाली घातली ती टाळ्या सुरू होईपर्यंत वर केली नाही.

टाळ्या थांबल्या तशी मुलगी व्हायोलिन घेऊन थेट त्यांच्याकडे आली. तिचा चेहरा रडवेला होता.

"कोणाचं वाजत होतं गं, आई? अख्ख्या संथ भागात ती शिट्टी!"

"संथ भागात? नाही गं, तेव्हा तर…"

"शेवटपर्यंत वाजत होती, आई!"

वडिलांना यातलं अक्षर ऐकू येत नव्हतं. त्यांनी एकदा नातीच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा लेकीच्या. मग नातीच्या खांद्यावर हात ठेवून ते बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझंच वाजत होतं गं, पोरी. मशीन म्हातारं झालंय, माझ्यासारखंच."

बाईंनी पर्स उघडली. आत मशीन एकीकडे होतं, सेल एकीकडे. त्यांचा हात हळूच स्कार्फखाली गेला, महिन्यापूर्वी कुणालाही न सांगता घेतलेलं स्वतःचं मशीन बंद करायला.