माडीची परवानगी

ओव्हरसिअर पंडितरावांनी स्वतःच्या टॉवेलने बाज झटकली, तेव्हाच जीवराम आबांना संशय यायला हवा होता. ओटा वीतभर पुढे आला म्हणून नगरपालिकेच्या या माणसाने पारोळ्यातल्या भल्याभल्यांना ओटे फोडायला लावले होते. कोणासाठी बाज झटकणाऱ्यातला तो नव्हता.

पण आबा आपल्याच विचारात. घरावर माडी चढवायची होती. खाली एक माजघर आणि चूल, त्यात आबा आणि त्यांची बायको भागाबाई ही दोन म्हातारी माणसं. माडी झाल्याशिवाय मुलाचं, मगनचं, लग्न करायचं नाही, असं भागाबाईंनी ठरवूनच टाकलं होतं. मगनचं म्हणणं, अर्ज करा आणि मोकळे व्हा. आबांना ते पटेना. अर्ज नामंजूर झाला की गावभर होणार.

"पहिले घर जाईसन इचारी ल्हेसूत," ते म्हणाले होते, "मंग कागद करसूत."

आता कोणाच्या घरी काही विचारायला जायचं म्हणजे आबांना एकच रीत ठाऊक. रविवारची सकाळ, ठेवणीतला फेटा, बरोबर बायको, बायकोच्या पिशवीत नारळ. या खेपेला काखेत माडीच्या नकाशाची गुंडाळीही होती. आणि मुद्द्यावर एकदम यायचं नाही, ते उद्धटपणाचं. आधी पाऊसपाणी, मग कपाशी, मग तुमचं मूळ गाव कोणतं, मामकूळ कोणतं. मामकूळ विचारता विचारता नातं पार आबांच्या आत्याच्या सासरपर्यंत जाऊन पोहोचलं, तशा पंडितरावांच्या पत्नी इंदिराबाई लगबगीने आत गेल्या. फळीवरच्या नव्या कपबशा उतरवल्याचा आवाज आला.

"मना पोऱ्या मगन," आबांनी अखेर सुरुवात केली, "आते मोठा व्हयना. त्यानासाठे म्हनीसन..."

"हो हो, कळलं," पंडितराव घाईघाईने म्हणाले. "पुष्पा, पोहे आण गं!"

आबांच्या तोंडचं पाणी पळालं. भागाबाईंनी त्यांना कोपराने ढोसलं, पण आता ढोसून काय उपयोग.

पंडितरावांच्या पुष्पाचं सगळ्या गावाला माहीत होतं. धुळ्याचे येऊन गेले, भडगावचे येऊन गेले. पोहे खाल्ले, कळवतो म्हणाले आणि गेले ते गेलेच. मुलगी मॅट्रिक झालेली आणि मोठ्याने हसते, एवढंच काय ते त्यांना खटकलं होतं. आता खरं सांगावं तर या आईबापाच्या थोबाडीत मारल्यासारखं, आणि न सांगावं तर फसवल्याचं पाप. दारातून आबांची नजर आत गेली, तर इंदिराबाई पुन्हा पुन्हा लेकीचा पदर नीट करत होत्या. ते पाहून त्यांचा जीव कळवळला.

पुष्पा पोहे घेऊन बाहेर आली. तिने आबांकडे पाहिलं, मग त्यांच्या काखेतल्या कागदाच्या गुंडाळीकडे. ओव्हरसिअरच्या घरात वाढलेली मुलगी ती. असल्या गुंडाळीत काय असतं हे तिला कोणी सांगायला नको होतं.

"बाबा," ती म्हणाली, "हे बांधकामाचं विचारायला आलेत. नकाशा आणलाय बघा."

इंदिराबाईंचा चेहरा उतरला. आबा मान खाली घालून उगाच फेटा चाचपू लागले. आणि पुष्पा हसली. चांगली खळखळून, शेजारच्या घरात ऐकू जाईल अशी.

"पोहे मात्र सोडायचे नाहीत हं, आबा. आईने शेंगदाणे भरपूर घातलेत."

त्या हसण्याने सगळ्यांचीच सुटका झाली. भागाबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. पंडितरावांचे कान लाल झाले होते. पण चष्मा चढवून त्यांनी नकाशा बाजेवर पसरला आणि ते लगेच पूर्वीचे पंडितराव झाले.

"हा असा दिला असतात तर मीच नामंजूर केला असता. सज्जा रस्त्यावर आलाय. भिंत मागे घ्या. मग आत जिन्याला जागा उरायची नाही, तो बाहेरून काढा. रीतसर होईल."

"बाहेरून नको," पुष्पा म्हणाली. "भर पावसात सून भिजत भिजत चुलीपाशी येणार का, बाबा?"

आबा तिच्याकडे बघतच राहिले. माडीसाठी त्यांनी किती डोकं खपवलं होतं! लाकूड कुठून आणायचं, गवंडी कोण, परवानगी कशी मिळायची. त्या माडीवरून रोज पहाटे खाली उतरणाऱ्या बाईचा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता. या पोरीविषयी त्यांना एकदम फार माया वाटली. पंडितरावांच्या हातातली पेन्सिल त्यांनी काढून घेतली आणि तिच्यापुढे धरली.

"जिना तुले जठे बरा वाटी तठे काढ, माय," ते म्हणाले. "चढानं-उतरानं तर तुलेच शे."

भागाबाईंनी चमकून नवऱ्याकडे पाहिलं. मगनला विचारायचं राहिलंच होतं. पण त्या जरा सरकल्या आणि बाजेवर आपल्याशेजारी त्यांनी पुष्पाला जागा करून दिली.

पुष्पाचं हसू थांबलं होतं. ती त्या जागेवर बसली. मग तिने माजघराचा एक कोपरा घेऊन जिना आतूनच काढला, थेट चुलीपाशी उतरणारा. दोघांना शेजारी शेजारी चढता येईल एवढा रुंद.

पंडितरावांनी हरकत घेतली नाही.